पुगिओ पट्ट्यावर नीट का राहत नाही? रोमन कट्यार लटकवतानाचे नेहमीचे घोळ

मूठ बरगडीत घुसते. चाललं की म्यान मांडीवर आपटतं. तासाभरात सगळा ऐवज पट्ट्यावरून सरकत पाठीशी जातो, आणि चपलेची वादी आवळायला वाकलं की मूठ पुढे झुकून पातं अर्धं बाहेर डोकावतं. रोमन सैनिकाचा वेश करणाऱ्यांकडून या चार तक्रारी इतक्यांदा ऐकल्यात, की आता माणूस तोंड उघडायच्या आधीच मी त्याच्या पट्ट्याकडे बघतो. मी ऱ्हाइनकाठी राहतो. इथे उन्हाळ्यात रोमन छावण्यांचे कार्यक्रम होतात आणि त्यांत चामड्याची डागडुजी हौसेनं माझ्याकडे असते. हल्ली पुण्या-मुंबईहूनही विचारणा येते. कुणाला नाटकासाठी कट्यार हवी असते, कुणी प्रतिकृती मागवून भिंतीवर टांगायच्या ऐवजी कमरेला लावून बघितलेली असते. दुखणं सगळीकडे सारखंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

घाईत असाल तर एवढं वाचा : कट्यार दोन जागी लटकली पाहिजे, वादी आखूड पाहिजे आणि पट्ट्याशी जोड बिजागरीचा पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तरी वरच्या चारांतली एखादी तक्रार ठरलेली.

मुळात ती लटकायची कशी

पुगिओ ही रोमन लोकांनी स्पेनमधून उचललेली कट्यार. तिथल्या केल्टिबेरियन योद्ध्यांकडे मुठीच्या मधोमध गोल फुगवटा असलेल्या कट्यारी होत्या. इ.स.पू. पहिल्या शतकात हा घाट रोमन सैन्यात रुळला. पातं पानासारखं, मधे किंचित आवळलेलं आणि उभ्या कण्याचं. लांबी साधारण १८ ते २८ सेंटिमीटर, पण याहून लहानही सापडतात. सीझरच्या खुनानंतर ब्रूटसनं पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर टोपीच्या दोन बाजूंना ज्या दोन कट्यारी आहेत, त्या याच जातीच्या.

आपल्या कामाचं आहे ते म्यान. पहिल्या शतकातलं ठरावीक म्यान म्हणजे समोर लोखंडी पत्रा, त्यावर पितळेचं, चांदीचं, लाल मिन्याचं जडावकाम, आत लाकडाचं अस्तर आणि खाली टोकाला गोल बोंड. दोन्ही कडांना दोन-दोन कड्या, मिळून चार. वरची जोडी तोंडापासून थोडी खाली, दुसरी म्यानाच्या मध्याच्या आसपास.

पट्ट्याच्या बाजूला काय होतं, हे बहुतेक प्रतिकृती बनवणारे विसरतात. सैनिकाच्या पट्ट्यावर पितळी पत्रे रिवेटनं ठोकलेले असत. त्यांतल्या दोन पत्र्यांना बिजागरी असे, बिजागरीत एक छोटी वळवलेली पट्टी आणि पट्टीच्या टोकाला बटणासारखी चकती. मी तिला गुंडीच म्हणतो, कारण काम गुंडीचंच आहे. म्यानाच्या वरच्या कडीतून वादी ओवायची आणि ती गुंडीत अडकवायची. डावीकडे एक, उजवीकडे एक. कट्यार पट्ट्यात खोचलेली नसे, पट्टा म्यानामागच्या फाशातून ओवलेलाही नसे. ती पट्ट्याच्या समोर दोन गुंड्यांवर टांगलेली असे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जर्मनीतल्या बाड क्रॉयझ्नाखच्या संग्रहालयात आन्नाइउस दावेर्झुसचा थडग्याचा दगड आहे. हा चौथ्या डाल्मेशियन पलटणीचा शिपाई, छत्तिसाव्या वर्षी गेला, नोकरी पंधरा वर्षं. दगड घडवणाऱ्याला चेहऱ्यापेक्षा कमरेत जास्त रस होता असं वाटावं, इतका पट्टा बारकाईनं कोरलाय. कमरेवर दोन पट्टे फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले, उजव्या अंगाला तलवार, डावीकडे कट्यार, मधे मांड्यांवर लोंबणाऱ्या टिकल्यांच्या पट्ट्या. कट्यार पुढच्या बाजूला आहे, समोरून पूर्ण दिसते. जमिनीतून आलेला पुरावाही याला धरून आहे. हॉलंडमध्ये फेल्सनच्या किल्ल्यातल्या विहिरीत एक रोमन सैनिक कट्यार आणि पट्ट्यासकट सापडला. इटलीतल्या हर्क्युलेनियमच्या किनाऱ्यावर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मेलेला, सव्विसाव्या क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा सैनिक १९८२ मध्ये उजेडात आला. त्याच्याही अंगावर पट्टा, तलवार आणि कट्यार होती. २०१९ मध्ये जर्मनीतल्या हाल्टर्नला मातीचा निव्वळ ढेकूळ म्हणून निघालेली कट्यार साफ करायला नऊ महिने लागले. आतून चांदीचं जडावकाम, लिंबाच्या नव्हे तर लिंडेन झाडाच्या लाकडाचं अस्तर आणि सोबत पट्ट्याचे अवशेष निघाले. तिचं पातं जेमतेम १३ सेंटिमीटरचं आहे.

चामडं मात्र मातीत क्वचितच टिकतं. त्यामुळे वादी कशी कापली, किती वेढे दिले, हे गुंड्या आणि कड्यांच्या मापांवरून आणि शिल्पांवरून ताडावं लागतं. पुढे मी वादीबद्दल जे सांगतोय, ती माझी हातोटी आहे. दुसरा कारागीर थोडं वेगळं करील.

काहीही कापण्याआधी ही परीक्षा घ्या

कट्यार म्यानात घाला. म्यानाच्या वरच्या दोन कड्या दोन्ही हातांच्या तर्जनींत अडकवून समोर धरा आणि बोटं सैल सोडा.

कट्यार टोक खाली करून सरळ लटकली तर हत्यार ठीक आहे, दोष पट्ट्यात किंवा वादीत आहे. मूठ पुढे येऊन कट्यार कोलांटी मारायला लागली तर दोष वजनात आहे. मग पट्ट्यावर कितीही कारागिरी करा, ती झुकणारच. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा न घेता लोक नवा पट्टा शिवून घेतात, आणि नवीन पट्ट्यावर जुनंच दुखणं.

मूठ पुढे झुकते, कट्यार उलटते

स्वस्त प्रतिकृतींचं हे हमखास दुखणं. उत्तर भारतातल्या कारखान्यांतून जगभर जाणाऱ्या रोमन मालात दिसायला चांगल्या वस्तू असतात, पण मूठ बऱ्याचदा भरीव पितळेची ओतलेली असते आणि म्यान पातळ पत्र्याचं किंवा नुसत्या चामड्याचं. मूळ वस्तूत बरोबर उलट होतं. पात्याची शेपटी मुठीत गेलेली, तिच्या दोन्ही बाजूंना शिंगाचे किंवा लाकडाचे तुकडे, वरून पातळ लोखंडी पत्रा आणि सगळ्याला आरपार रिवेट. म्हणजे मूठ हलकी. म्यान लोखंडाचं, लाकडानं भरलेलं आणि खाली बोंड, म्हणजे खालचं अंग जड. त्यामुळे वजनाचा मध्य वरच्या कड्यांच्या खाली राहायचा आणि कट्यार आपसूक सरळ उभी राहायची. मूठ जड केली की हा मध्य कड्यांच्या वर जातो, आणि मग ती उलटायला फक्त निमित्त शोधते.

मूठ बदलता आली तर उत्तमच. पण ते सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही, म्हणून म्यान जड करायचं. लाकडी अस्तर असेल तर टोकाच्या बाजूनं अस्तर आणि पत्रा यांच्यामध्ये लोखंडाची जाड पट्टी सरकवून बसवा. ती टोकापासून म्यानाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत यायला हवी. कायमची चिकटवण्याआधी पट्टी नुसती दोऱ्यानं बाहेरून बांधून तर्जनीची परीक्षा परत घ्या. किती वजन लागतं ते तिथेच कळतं. शिसं वापरू नका. ते मऊ असतं, वाकतं आणि हाताला लागतं.

परीक्षेत पास झालेली कट्यार कमरेवर झुकत असेल तर तिच्या मागे बघा. साखळ्यांचं चिलखत घालणाऱ्यांच्या बाबतीत दोष जवळजवळ नेहमी चिलखताच्या घडीचा असतो. खांद्यावरचा भार कमी करायला चिलखत पट्ट्यातून थोडं वर ओढतात, त्याची झोळ पट्ट्यावर येते, आणि ती झोळ मुठीला मागून ढकलते. झोळ कट्यारीच्या जागी सपाट करून बाकीची दोन्ही बगलांकडे वाटून द्या. वेगळा कट्यारपट्टा असेल तर तो तिरका, खाली नितंबाच्या हाडावर बसवा. दावेर्झुसच्या दगडावर पट्टे असे तिरके आहेतच.

म्यान सरकत पाठीशी जातं

मागे चामड्याचा फासा असलेलं म्यान सरकणारच, कारण त्याला थांबवणारं पट्ट्यावर काही नसतं. गुंड्या पट्ट्याला रिवेटनं पक्क्या असतात, म्हणून रोमन पद्धतीत हा प्रश्न उद्भवायला नको. तरी उद्भवतो, आणि त्याची दोन कारणं असतात.

पहिलं, दोन गुंड्यांमधलं अंतर. ते वरच्या दोन कड्यांमधल्या अंतराइतकं किंवा त्याहून बोटभर जास्त हवं. जास्त असलं की वाद्या खालून वर जाताना किंचित फाकतात आणि म्यान दोन्हीकडून ताणलेलं राहतं. गुंड्या कड्यांपेक्षा जवळ असतील तर वाद्या वर जाताना एकमेकींकडे झुकतात, आणि म्यान डाव्या-उजव्या बाजूला गिरक्या घ्यायला मोकळं होतं. पुष्कळ प्रतिकृतींत गुंड्या पत्र्यांच्या रांगेत शोभेल अशा जागी ठोकलेल्या असतात, म्यानाचं माप कुणी घेतलेलंच नसतं. म्यान एका दुकानाचं आणि पट्टा दुसऱ्या दुकानाचा असेल तर बोलायलाच नको.

गुंड्यांची खूण पट्टा टेबलावर पसरून करू नका. अंगरखा, त्यावर चिलखत, त्यावर पट्टा असा पूर्ण वेश चढवा, कुणाला तरी म्यान डाव्या कुशीच्या पुढे धरायला लावा आणि खडूनं खूण करून घ्या. जाड कपड्यांवर पट्ट्याचं बक्कल दोन-तीन बोटं वेगळ्या जागी येतं, त्यामुळे टेबलावर बरोबर वाटलेली जागा अंगावर चुकते.

दुसरं कारण म्हणजे पट्टाच फिरतो. कट्यार पट्ट्यावर जिथल्या तिथे असते, पण सगळा पट्टा कमरेभोवती वळतो. एकाच पट्ट्यावर तलवार आणि कट्यार दोन्ही असतील तर जड तलवार पट्टा आपल्याकडे ओढते. यावर दोन रोमन उपाय आहेत आणि दोन्ही खरे आहेत : पहिल्या शतकाच्या पूर्वार्धासाठी दोन वेगळे पट्टे, किंवा त्यानंतरच्या काळासाठी तलवार खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यावर आणि कमरेला फक्त कट्यार. पट्टा नुसता घट्ट करून हा प्रश्न सुटत नाही. पोटावर वळ उठतात, एवढंच.

मांडीवर आपटतं, बरगडीत घुसतं

या दोन तक्रारी परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींत गोष्ट वादीच्या लांबीची आणि बिजागरीची आहे.

वादी लांब असेल तर म्यान खाली लोंबतं आणि प्रत्येक पावलाला झोका घेतं. कडी आणि गुंडी यांच्यात एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळी वादी दिसायला नको. आखूड वादीनं म्यानाचं तोंड पट्ट्याच्या उंचीला येतं, मूठ पट्ट्याच्या वर राहते आणि हात अलगद तिच्यावर पडतो. मांडीच्या मध्यावर लोंबणारी कट्यार सिनेमात शोभते, सैनिकाच्या कमरेला नाही.

मग लोक वादी इतकी आवळतात की म्यान पट्ट्याला चिकटतं, आणि गुडघा टेकला की टोक मांडीत आणि मूठ बरगडीत. इथे बिजागरीची गरज कळते. माणूस खाली बसतो तेव्हा मांडी म्यानाच्या टोकाला पुढे लोटते. बिजागरी चालू असेल तर म्यान वरच्या कडेवर फिरून बाहेर येतं आणि उभं राहिलं की परत जागेवर पडतं. घट्ट शिवलेल्या किंवा रिवेट मारून पक्क्या केलेल्या म्यानाला ही सोय नसते. बऱ्याच प्रतिकृतींत गुंडीची बिजागरी दिसायला असते, पण पॉलिशच्या थरानं किंवा जास्त ठोकलेल्या खिळ्यानं गोठलेली असते. बोटानं हलवून बघा. हलत नसेल तर तेलाचा थेंब टाका आणि दोन दिवस हलवत राहा. तरीही ढिम्म राहिली तर खिळा काढून अर्ध्या मिलिमीटरनं बारीक खिळा घाला.

आणि जागा. कट्यार थेट कुशीवर, शिलाईच्या रेषेवर लावली तर लोंबत्या हाताचं कोपर मुठीवर आपटतं. ती कुशीच्या थोडी पुढे, पोटाच्या डाव्या अंगाला घ्या. मधल्या टिकल्यांच्या पट्ट्यांना मात्र लागू देऊ नका. त्यांतली एखादी पट्टी म्यानाच्या खालच्या कडीत अडकली की चालताना विचित्र हिसके बसतात आणि कारण लवकर सापडत नाही.

वादी तुटते किंवा लांबत जाते

सकाळी बरोबर असलेली कट्यार दुपारी गुडघ्याशी आली, तर दोष चामड्याचा. बाजारात मिळणारं बहुतेक चामडं क्रोमनं कमावलेलं असतं. ते मऊ आणि लवचिक असतं आणि भाराखाली लांबतं. क्रोमची रीत एकोणिसाव्या शतकातली आहे. रोमन चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं होतं आणि तसंच आपल्यालाही लागतं. महाराष्ट्रात असाल तर हे शोधायला लांब जायला नको : कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. चपला बनवणाऱ्या कारागिराकडे तळव्याचं नव्हे, पट्ट्याचं चामडं मागा, दोन-अडीच मिलिमीटर जाडीचं. पोटाकडचा तुकडा घेऊ नका, तो लांबतो. पाठीचा घ्या.

माझी वादी अशी असते. पंधरा मिलिमीटर रुंद पट्टी कापायची, पाण्यात भिजवायची आणि एका टोकाला वजन टांगून रात्रभर वाळवायची, म्हणजे जे लांबायचं ते आधीच लांबून जातं. मग कडा रापीनं किंचित तासून, तेल-मेण चोळून, कडीतून ओवून दुमडायची. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून त्यांतून एकच उभी चीर द्यायची, गुंडीच्या चकतीच्या व्यासापेक्षा किंचित लहान. चिरेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आरीनं गोल भोक पाडायचं. हे भोक विसरू नका. चीर नेहमी टोकापासून फाटत जाते आणि गोल भोकापाशी थांबते. चकती चिरेतून ढकलताना अंगठा दुखला पाहिजे. सहज गेली तर सहज निघेलही.

वादी लांबत नाही पण एकाच जागी झिजून तुटते, असं असेल तर कडीच्या आतल्या कडेवरून नख फिरवा. ओतीव पितळी कडीवर साच्याची शिवण राहून गेलेली असते आणि ती करवतीसारखी वादी कापते. बारीक कानस फिरवून ती काढा. दोन मिनिटांचं काम आहे, पण कोण करतो?

गुंडी पट्ट्यातून उपटून येते

पट्ट्याच्या पत्र्यामागे रिवेट फक्त चामड्यावर चेपलेला असतो. ओढ बसली की त्याचं डोकं चामड्यातून आरपार येतं. मागच्या बाजूला पितळेचं वॉशर घाला आणि त्यावर रिवेट ठोका. पट्टा एकपदरी, तीन मिलिमीटरच्या आसपासचा पुरतो. जुन्या पट्ट्यांचं चामडं गेलं तरी पत्र्यामागे रिवेटची जेवढी लांबी उरते तेवढीच चामड्याची जाडी असणार, आणि ती काही फार नसते. पाच-सहा मिलिमीटरचा जाडजूड पट्टा भारदस्त दिसतो, पण त्यावर गुंडी पुढे येऊन बसते आणि कट्यार अंगापासून दूर लोंबते.

उपसताना म्यानही वर येतं

लटकत्या म्यानाचा हा स्वभाव आहे. मूठ वर ओढली की म्यान तिच्याबरोबर वर येतं आणि वाद्या ढिल्या पडतात. हातात ढाल असताना डाव्या हातानं म्यान धरायची सोय नाही. बहुतेक वेळा दोष म्यानाच्या घट्टपणाचा असतो. पात्यावर तेल-मेणाचा हलका हात फिरवा, अस्तराच्या आत गंज साचला असेल तर साफ करा, तोंडाशी लाकूड फुगलं असेल तर घासा. उलटं धरल्यावर कट्यार पडू नये, पण झटका दिल्यावर निघावी, इतपत सैल ठेवा. मूठ सरळ वर ओढू नका, आधी अंगठ्यानं म्यानाच्या तोंडावर दाब देऊन पातं मोकळं करा.

खालच्या दोन कड्यांतून वादी काढून ती चिलखताला किंवा मांडीला बांधावी, असा सल्ला काही जण देतात. नाटकात, जिथे एकदाच आणि नेमक्या क्षणी कट्यार निघाली पाहिजे, तिथे खुशाल बांधा. पण छावणीत इतिहास दाखवायला उभे असाल तर सोडून द्या. भार वरच्या जोडीवरच असे. खालची जोडी बहुधा स्पॅनिश वळणातून आलेली आणि घाट म्हणून राहून गेलेली आहे.

डावी की उजवी?

हा प्रश्न तांत्रिक नाही, पण भांडणं यावरून सर्वात जास्त होतात. साध्या शिपायाच्या शिल्पांत तलवार उजवीकडे, कट्यार डावीकडे. इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरला विसाव्या लीजनचा, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या दलाचा, शतपती (सेंचुरियन, तुकडीचा नायक) मार्कुस फावोनियुस फाचिलिस दगडात उभा आहे. त्याची तलवार डावीकडे आणि कट्यार उजवीकडे. हुद्द्यानुसार बाजू बदलते, एवढं ठीक. पण ज्यू युद्धाचा इतिहास लिहिणारा जोसेफस सांगतो की पायदळाची लांब तलवार डावीकडे आणि उजवीकडचं हत्यार वीतभराचं. तो रोमन छावण्या स्वतः पाहिलेला माणूस, त्याला मोडीत काढता येत नाही आणि शिल्पंही मोडीत निघत नाहीत. माझं मत विचाराल तर शिपायाचा वेश असेल तर शिल्पांच्या मागे जा, कारण पट्ट्यावरच्या गुंड्या तुम्हाला शिल्पासारख्या लावायच्या आहेत. शतपतीचा वेश असेल तर बाजू आणि गुंड्या दोन्ही उलट करा. फक्त कट्यार इकडची तिकडे टांगली आणि गुंड्या होत्या तिथेच राहिल्या, तर वरची सगळी दुखणी नव्यानं सुरू होतात.

काळाचाही विचार हवा. सम्राट ट्रेजनच्या डेशियन युद्धाची शिल्पं कोरलेल्या, इ.स. ११३ मध्ये रोममध्ये उभारलेल्या स्तंभावर सैनिकांच्या कमरेला कट्यार दिसत नाही, त्यामुळे डेशियन युद्धाचा वेश करणाऱ्याकडे ती नसली तर कुणी हटकणार नाही. पण ती तेव्हा संपली असा अर्थ काढू नका. बव्हेरियातल्या क्युन्झिंगला तिसऱ्या शतकाच्या मध्यातला लोखंडाचा साठा मिळाला, त्यात पन्नासहून अधिक कट्यारी आहेत. त्या मोठ्या आणि रुंद आहेत. त्यांची म्यानं नुसत्या लोखंडी चौकटीची, आणि पहिल्या शतकातल्या नक्षीच्या गुंड्या त्यांना शोभत नाहीत.

काढता येते ना, बघा

जोड पक्का झाला की लोक कट्यार पट्ट्याला कायमची शिवून टाकतात. ते टाळा. इ.स. ६९ च्या डिसेंबरात सम्राट व्हिटेलियसनं गादी सोडायची ठरवली तेव्हा त्यानं कमरेची कट्यार सोडून कॉन्सुल (रोमचा मुख्य अधिकारी) सेसिलियुस सिम्प्लेक्सच्या हातात द्यायचा प्रयत्न केला, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. कट्यार म्हणजे प्रजेच्या जिवावरचा अधिकार. सिम्प्लेक्सनं ती घेतली नाही. सम्राटाची कट्यार आणि शिपायाची कट्यार यांत फरक असणारच, पण गर्दीसमोर पट्टा न उतरवता ती सुटली पाहिजे, ही अपेक्षा दोन्हींना लागू आहे. गुंडीवरची वादी हे काम करते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गादीवर असलेला सम्राट गाल्बा सत्ता मिळाल्यावर रोमकडे निघाला तेव्हा त्यानं कट्यार गळ्यातून छातीवर टांगली होती, हे चरित्रकार सुएटोनियुसनं नोंदवलंय. पट्ट्याशी झगडून थकलेल्यांना मी कधीकधी हा मार्ग सुचवतो. अजून कुणी मनावर घेतलेला नाही.

प्रवासात तर काढता येणं भागच आहे. जर्मनीत दुधारी कट्यार रस्त्यानं नेताना ती कुलूपबंद पेटीत हवी. भारतात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांवर शस्त्र कायद्याच्या नियमांचं लक्ष असतं, आणि पुगिओचं पातं दोन इंचांच्या रेषेवरच घुटमळतं. नाटकवाल्यांनी पातं बोथट, शक्य तर लाकडी किंवा ॲल्युमिनियमचं घ्यावं. मात्र हलक्या पात्यानं खालचं अंग हलकं होतं, म्हणून तर्जनीची परीक्षा परत घ्या.

शेवटी एक प्रकार राहतो, तो म्हणजे संपूर्ण चामड्याचं, मागे फासा शिवलेलं, कड्या नसलेलं म्यान. त्याला कड्या जोडायला लोक माझ्याकडे येतात आणि मी नाही म्हणतो. चामड्यात टाचलेली कडी पहिल्या पावसाळी कार्यक्रमात निघून येते. तेवढ्याच खर्चात लाकडाच्या दोन फळ्या, समोर एक मिलिमीटरचा लोखंडी पत्रा आणि चार कड्या असं साधं, बिननक्षीचं म्यान कुठल्याही लोहाराकडून करून घेता येतं. ते हातात आलं की आधी तर्जनींवर टांगून बघा, मग माझ्याकडे या.